दोन नेटवर्क कार्डे, दोन गेटवे आणि न टिकणारा स्टॅटिक राउट

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या कारखान्यातील डेबियन सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे आहेत. पहिल्याचा पत्ता १९२.१६८.१.१० असून ते इंटरनेटच्या राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला जोडलेले आहे. दुसऱ्याचा पत्ता १०.२०.१.१० आहे, त्या बाजूला १०.२०.१.१ हा राउटर आणि त्यामागे शाखेचे १०.३०.०.०/१६ हे नेटवर्क आहे. दोन्ही कार्डांच्या नोंदीत गेटवे, म्हणजे बाहेर जाण्यासाठीच्या राउटरचा पत्ता, लिहिलेला आहे. सर्व्हर सुरू केल्यावर कधी इंटरनेट चालते आणि शाखा दिसत नाही, तर कधी शाखा दिसते आणि इंटरनेट बंद असते. हाताने राउट, म्हणजे अमुक नेटवर्ककडे अमुक राउटरमार्गे जावे अशी नोंद, घातला की सगळे सुरळीत होते, पण रीबूटनंतर तो नाहीसा होतो. म्हणून तो आरसी.लोकल या फाइलमध्ये लिहिला, तरीही तो अधूनमधून जातोच. तो कायमचा कुठे लिहावा, असे तुम्ही विचारले आहे.

कुठे लिहावा हे मी पुढे सांगतोच, परंतु तुमच्या वर्णनात तीन वेगवेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात आणि त्यांतली एकच सोडवली तर उरलेल्या दोन काही दिवसांनी पुन्हा डोके वर काढतील. पहिली अडचण, राउटिंग टेबल (अशा सर्व नोंदींची यादी) मुळात कसे असायला हवे हेच ठरलेले नाही. दुसरी, ते कोणत्या फाइलमधून तयार होते याबद्दल संभ्रम आहे. तिसरी, जिचा तुम्ही उल्लेख केलेला नाही पण जी अशा मांडणीत हमखास आढळते, ती म्हणजे परतीची वाट. (कमांड मी येथे देवनागरीत लिहीत आहे, टर्मिनलवर त्या नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टाइप कराव्यात.)

आधी दोन गेटवेंबद्दल. डिफॉल्ट राउटचा अर्थ, ज्या पत्त्यासाठी टेबलमध्ये याहून नेमकी नोंद नाही त्याचे पॅकेट (डेटाचा तुकडा) इकडे पाठवा. अशी वाट एका टेबलमध्ये एकच असावी. डेबियनच्या इंटरफेसेस या फाइलमध्ये दोन कार्डांखाली गेटवेची ओळ असली की पहिले कार्ड उठताना डिफॉल्ट राउट बसतो, आणि दुसरे कार्ड उठताना तीच कमांड पुन्हा चालते तेव्हा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ‘फाइल एक्झिस्ट्स’ असे उत्तर देऊन ती नाकारते, कारण त्याच लक्ष्याचा, त्याच मेट्रिकचा (पसंतीच्या आकड्याचा, लहान तो आधी) राउट आधीच टेबलमध्ये असतो. कार्डे ‘अलाउ-हॉटप्लग’ने (सापडताच कार्ड उठवा, असे सांगणाऱ्या ओळीने) आणली जात असतील तर कोणते कार्ड आधी उठेल हे ते कर्नलला आधी कधी सापडते यावर अवलंबून राहते आणि तो क्रम दर वेळी सारखाच असेल असे नाही. कधी इंटरनेट तर कधी शाखा, या तुमच्या अनुभवाचे कारण मला येथेच दिसते. तो नकार लॉगमध्ये शोधण्यासाठी ‘जर्नलसीटीएल -बी -यू नेटवर्किंग’ चालवून पाहा. कार्ड हॉटप्लगने आले असेल तर संदेश त्या कार्डाच्या इफअप युनिटखाली (ते कार्ड उठवणाऱ्या सेवेखाली) सापडेल.

त्यामुळे पहिले काम लिहिण्याचे नसून खोडण्याचे आहे. दुसऱ्या कार्डाखालची गेटवेची ओळ काढून टाका. दोन्ही ठेवून एकाला मोठे मेट्रिक द्यावे, असा सल्लाही तुम्हाला मिळेल. त्याने चूक दिसेनाशी होते, पण अडचण सुटत नाही: लहान मेट्रिकचा राउट टेबलमध्ये आहे तोवर कर्नल त्याच वाटेने जाते, आणि पलीकडचे इंटरनेट बंद पडले म्हणून तो राउट आपोआप टेबलमधून निघत नाही. दुसऱ्या वाटेने खरोखर इंटरनेट मिळत असेल आणि ती राखीव म्हणून हवी असेल तरच मेट्रिकचा विचार करावा. तुमच्या वर्णनावरून तसे वाटत नाही.

आता टेबल कसे असावे ते पाहू. डिफॉल्ट १९२.१६८.१.१ कडे, आणि शाखेसाठी एक नेमकी नोंद: १०.३०.०.०/१६ हे १०.२०.१.१ मार्गे. कार्डांची स्वतःची दोन नेटवर्के कर्नल पत्ता बसतानाच टेबलमध्ये घालते, त्यांसाठी काही करावे लागत नाही. एखाद्या पत्त्याला अनेक नोंदी लागू पडत असतील तर ज्या नोंदीचा प्रीफिक्स (पत्त्याचा जुळवायचा सुरुवातीचा भाग, ज्याची लांबी ‘/१६’सारख्या आकड्याने दाखवतात) सर्वांत लांब ती जिंकते. मेट्रिकचा विचार प्रीफिक्स सारखे असतील तेव्हाच होतो. हा नियम नीट लक्षात ठेवा, कारण त्याचा एक अनपेक्षित परिणाम मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारे साधन) बसवल्यावर ते स्वतःच्या पुलासाठी (ब्रिज, म्हणजे त्या कप्प्यांना जोडणारे आभासी नेटवर्क) सहसा १७२.१७.०.०/१६ हे नेटवर्क घेते आणि पुढच्या पुलांसाठी १७२.१८ वगैरे. कोणाच्या शाखेचे नेटवर्क १७२.१६.०.०/१२ असे लिहिलेले असेल तर डॉकरची नोंद अधिक नेमकी ठरते आणि त्या पट्ट्यातील शाखेची मशीन्स एकाएकी दिसेनाशी होतात, जरी शाखेचा राउट टेबलमध्ये जसाच्या तसा असतो. तुमचा पट्टा १०.३० चा असल्यामुळे आज हा धोका नाही, परंतु सर्व्हरवर व्हीपीएन (इंटरनेटवरून जोडलेले खाजगी नेटवर्क) असेल आणि ते १०.०.०.०/८ मागत असेल किंवा एखादा १०.३०.४.०/२४ ढकलत असेल, तर त्यातील कोण जिंकेल हे याच नियमाने ठरवा.

राउट आधी चालत्या टेबलमध्ये घालून तपासावा आणि मगच फाइलमध्ये लिहावा, अशी माझी पद्धत आहे. कमांड अशी: ‘आयपी राउट ॲड १०.३०.०.०/१६ व्हाया १०.२०.१.१ डेव्ह ईएनओ२’. यात ईएनओ२ हे दुसऱ्या कार्डाचे नाव समजा. येथे शेवटचे ‘/१६’ विसरू नका. ते विसरले तर कमांड तक्रार न करता चालते, मात्र राउट संपूर्ण नेटवर्कचा न होता १०.३०.०.० या एकाच पत्त्याचा होतो, आणि शाखेतील एकही मशीन त्याने पोहोचत नाही. उलट ‘१०.३०.४.२५/१६’ असा नेटवर्काच्या हद्दीत न बसणारा पत्ता लिहिला तर कर्नल प्रीफिक्स चुकीचा असल्याचे सांगून नकार देते. ही चूक निदान लगेच कळते. आणखी एक अट आहे: मार्ग म्हणून दिलेला राउटर त्या कार्डाच्या थेट नेटवर्कात असला पाहिजे. दोन टप्पे पलीकडचा राउटर येथे देता येत नाही, कारण त्याच्यापर्यंत पॅकेट कोणाच्या हाती द्यायचे हे सर्व्हरला माहीत नसते.

राउट घातल्यावर लगेच पिंग (पलीकडचे मशीन उत्तर देते का, ही चाचणी) करण्याआधी ‘आयपी राउट गेट १०.३०.४.२५’ असे विचारावे. सगळे टेबल डोळ्यांनी वाचून अंदाज बांधण्यापेक्षा हे फार उपयोगी आहे, कारण या कमांडचे उत्तर कर्नलने प्रत्यक्ष घेतलेला निर्णय असतो. उत्तरात कोणत्या राउटरमार्गे आणि कोणत्या कार्डातून हे तर येतेच, परंतु ‘एसआरसी’ या शब्दापुढचा पत्ता अवश्य वाचा. सर्व्हर शाखेशी बोलताना स्वतःचा कोणता पत्ता सांगणार आहे तो हा पत्ता, आणि शाखेतून उत्तर येणार ते याच पत्त्यावर. तुमच्याकडे तो १०.२०.१.१० असायला हवा. तेथे १९२.१६८.१.१० दिसला तर राउट बरोबर दिसत असूनही शाखेचे उत्तर भलतीकडे जाऊ शकते.

येथवर ठीक असेल तर कायमच्या जागेकडे वळू. आरसी.लोकलमध्ये लिहिलेला राउट अधूनमधून का जातो, याचे कारण असे की ती फाइल सर्व्हर सुरू होताना एकदाच चालते. नंतर कोणी कार्ड खाली घेऊन पुन्हा वर आणले, मग ते अपडेटने केलेले असो वा माणसाने, तर कार्ड खाली जाताच लिनक्स कर्नल त्या कार्डातून जाणारे आयपीव्ही४ चे राउट काढून टाकते. कार्ड वर आल्यावर त्याच्या स्वतःच्या नेटवर्काची नोंद परत येते, पण तुमचा राउट परत येत नाही, कारण तो पुन्हा घालण्याची जबाबदारी कोणावरच नसते. यातून निघणारा नियम साधा आहे: जो कार्ड उठवतो त्याच्याच नोंदीत त्या कार्डाचा राउट लिहावा. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सेवेतून) दर पाच मिनिटांनी तो पुन्हा घालणे हा तोडगा काही ठिकाणी दिसतो. मी त्याच्या विरोधात आहे, कारण मधल्या मिनिटांत तुटणाऱ्या जोडण्यांचे कारण शोधणे त्यामुळे फार अवघड होऊन बसते.

म्हणून कार्ड कोण उठवतो हे आधी नक्की करा. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस’ आणि ‘नेटवर्कसीटीएल लिस्ट’ या दोन कमांडवरून ते कळेल. दोन्हींत कार्ड ‘अनमॅनेज्ड’ दिसले, किंवा नेटवर्क मॅनेजर आणि सिस्टमडी-नेटवर्कडी या त्यांमागच्या सेवाच चालू नसल्या, आणि इंटरफेसेस फाइलमध्ये त्याचे नाव असले, तर मालक ती फाइल आहे. तुमच्याकडे तसेच असावे. मग दुसऱ्या कार्डाच्या नोंदीखाली, पत्त्याच्या ओळीनंतर, एक ओळ लिहा: ‘अप आयपी राउट रिप्लेस १०.३०.०.०/१६ व्हाया १०.२०.१.१ डेव्ह ईएनओ२ प्रोटो स्टॅटिक’. ‘ॲड’ऐवजी ‘रिप्लेस’ लिहिल्यामुळे राउट आधीच असेल तरी कमांड अडत नाही आणि कार्ड उठवण्याचे काम अर्धवट राहत नाही.

‘प्रोटो स्टॅटिक’ हे शब्द सक्तीचे नाहीत, पण मी ते नेहमी लिहितो. ‘आयपी राउट’ने टेबल पाहिले की कर्नलने घातलेल्या नोंदीपुढे ‘प्रोटो कर्नल’ दिसते, डीएचसीपीने (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेने) आलेल्या नोंदीपुढे बहुधा ‘प्रोटो डीएचसीपी’ दिसते, आणि नुसत्या कमांडने हाताने घातलेल्या नोंदीपुढे प्रोटो दिसतच नाही. फाइलमधल्या ओळीला ही खूण दिली की सहा महिन्यांनी टेबल उघडणाऱ्या माणसाला एका नजरेत कळते की अमुक राउट फाइलमधून आला आहे आणि तमुक कोणीतरी घाईत घालून ठेवला आहे, जो पुढच्या रीबूटला जाणार. इंटरफेसेस फाइलच्या गेटवे ओळीतून आलेला डिफॉल्ट राउटही प्रोटोविना दिसतो, मात्र त्याच्या शेवटी ‘ऑनलिंक’ असे लिहिलेले असते, त्यामुळे गोंधळ होत नाही.

मालक दुसरा असेल तर जागा बदलते. नेटवर्क मॅनेजर असेल तर एनएमसीएलआयने त्या कनेक्शनच्या ‘आयपीव्ही४.राउट्स’मध्ये राउट जोडावा आणि दुसऱ्या कार्डासाठी ‘आयपीव्ही४.नेव्हर-डिफॉल्ट’ला ‘यस’ द्यावे, म्हणजे ते कार्ड कधीच डिफॉल्ट वाट मागणार नाही. सिस्टमडी-नेटवर्कडी असेल तर कार्डाच्या नेटवर्क फाइलमध्ये ‘राउट’ हा विभाग करून त्यात ‘डेस्टिनेशन’ आणि ‘गेटवे’ लिहावे. नेटवर्कडीच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण आपल्या फाइलमध्ये नसलेले परके राउट काढून टाकण्याची त्याची मुळातली सवय आहे. हाताने घातलेला राउट तेथे नेटवर्कडी पुन्हा सुरू होताच जाऊ शकतो. उबुंटूवर नेटप्लॅन असेल तर त्याच्या फाइलमध्ये ‘राउट्स’खाली लिहावे, आणि फ्रीबीएसडीवर आरसी.कॉन्फमध्ये ‘स्टॅटिक_राउट्स’ या ओळीत राउटला एक नाव देऊन ‘राउट_’नंतर तेच नाव असलेल्या ओळीत तपशील द्यावा.

दुसऱ्या कार्डाला पत्ता डीएचसीपीने मिळत असेल तर सर्व्हरवर काहीही न लिहिता डीएचसीपीच्या १२१ क्रमांकाच्या पर्यायातून राउट देता येतो. त्याची व्याख्या आरएफसी ३४४२ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात २००२ साली झाली. तो वापरणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: १२१ मिळाल्यावर क्लायंटने नेहमीचा राउटरचा पर्याय, म्हणजे क्रमांक ३, दुर्लक्षित करायचा असतो. त्यामुळे ज्या मशीन्सना त्याच डीएचसीपीकडून डिफॉल्ट वाटही हवी आहे, त्यांच्यासाठी ती १२१ च्या यादीतही लिहावी लागते.

आतापर्यंतचे थोडक्यात: दुसऱ्या कार्डाचा गेटवे काढा, शाखेची एकच नेमकी नोंद त्या कार्डाच्या मालकाच्या फाइलमध्ये लिहा, आणि ‘आयपी राउट गेट’ने निर्णय व एसआरसी दोन्ही तपासा. एवढे करूनही शाखा दिसली नाही तर परतीची वाट पाहावी लागेल, आणि माझ्या कामात स्टॅटिक राउटच्या तक्रारींचा मोठा भाग शेवटी तेथेच येऊन थांबतो.

तुम्ही घातलेला राउट फक्त जाण्याचा आहे. शाखेतील १०.३०.४.२५ या मशीनला, किंवा त्याच्या राउटरला, १०.२०.१.० हे नेटवर्क कोठे आहे हे ठाऊक नसेल तर त्याचे उत्तर त्याच्या डिफॉल्ट वाटेने इंटरनेटकडे जाऊन वाया जाते. हे ओळखण्यासाठी सर्व्हरवर ‘टीसीपीडंप -एनआय ईएनओ२ आयसीएमपी’ (त्या कार्डातून जाणारी-येणारी पिंगची पॅकेट्स दाखवणारी कमांड) चालू ठेवून दुसऱ्या खिडकीतून पिंग करावे. विनंती बाहेर जाताना दिसते आणि उत्तर येतच नाही, असे असेल तर सर्व्हरवरचा राउट चोख आहे. अडचण पुढच्या राउटरवर, शाखेच्या फायरवॉलवर किंवा परतीच्या नोंदीत आहे, आणि सर्व्हरवर आणखी काही बदलण्यात अर्थ नाही. उत्तर टीसीपीडंपमध्ये येताना दिसते पण पिंगला मिळत नाही, असे असेल तर सर्व्हरच ते टाकून देत आहे, कारण टीसीपीडंप आत येणारे पॅकेट फायरवॉलच्या आधी पाहते. विनंती ईएनओ२ वर दिसतच नाही, असे असेल तर पुन्हा ‘आयपी राउट गेट’कडे जावे.

सर्व्हरने पॅकेट टाकून देण्यामागे फायरवॉलखेरीज ‘आरपी_फिल्टर’ ही कर्नलची सेटिंग हे एक कारण असू शकते. आलेल्या पॅकेटच्या मूळ पत्त्याकडे जाण्याची आपली वाट त्याच कार्डातून आहे का, हे ते तपासते. त्याची किंमत १ असेल तर तपासणी काटेकोर होते आणि दुसऱ्या कार्डातून आलेले पॅकेट गुपचूप टाकले जाते. २ असेल तर कोणत्याही कार्डातून वाट असली तरी चालते. ० असेल तर तपासणी नसते. ‘ऑल’ची (सर्व कार्डांसाठीची) आणि त्या कार्डाची अशा दोन किमतींपैकी मोठी असेल ती लागू होते, म्हणून दोन्ही पाहाव्यात. ‘लॉग_मार्शन्स’ या सेटिंगला १ दिले की टाकलेल्या पॅकेटची नोंद कर्नलच्या लॉगमध्ये दिसू लागते आणि तर्क करत बसावे लागत नाही.

तुमच्या मांडणीत हे कधी घडेल? शाखेतील माणूस सर्व्हरला १०.२०.१.१० या पत्त्याने न बोलावता १९२.१६८.१.१० ने बोलावतो आणि ते पॅकेट मुख्य राउटरमार्गे पहिल्या कार्डात येते, तेव्हा. सर्व्हरचे उत्तर मात्र नव्या राउटप्रमाणे दुसऱ्या कार्डातून निघेल. जाण्याची वाट एक आणि येण्याची दुसरी, हे आयपीला चालते, पण वाटेतल्या प्रत्येक फायरवॉलला चालत नाही. जोडणीची अर्धीच बाजू पाहणारी फायरवॉल पुढची पॅकेट्स अडवते. यावर माझा पहिला सल्ला असा की शाखेच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत) सर्व्हरच्या नावापुढे १०.२०.१.१० हाच पत्ता द्यावा, म्हणजे प्रश्नच उद्भवत नाही. ते शक्य नसेल तर पत्त्यानुसार वाट ठरवणारे वेगळे टेबल करावे: ‘आयपी रूल ॲड फ्रॉम १९२.१६८.१.१० टेबल १००’, आणि टेबल १०० मध्ये १९२.१६८.१.१ मार्गे डिफॉल्ट. त्या टेबलमध्ये १९२.१६८.१.०/२४ हे पहिल्या कार्डाचे स्वतःचे नेटवर्कही घालावे, नाहीतर शेजारच्या मेजावरील संगणकाला जाणारे उत्तरही आधी राउटरकडे जाईल. या सर्व ओळी पहिल्या कार्डाच्या नोंदीखाली ‘अप’ने लिहाव्यात.

हे बदल दुरून एसएसएचने करत असाल तर एक खबरदारी घ्या. आधी ‘शटडाउन -आर +१०’ देऊन दहा मिनिटांनी रीबूट ठरवा, मग फक्त चालत्या टेबलमध्ये बदल करा, फाइलला हात लावू नका. जोडणी तुटली तर रीबूटनंतर सर्व्हर जुन्या स्थितीत परत येईल. सगळे ठीक असेल तर ‘शटडाउन -सी’ने रीबूट रद्द करून मग फाइल लिहा. अर्थात तुमच्याकडे जुनी स्थितीच बेभरवशाची असल्यामुळे, पहिला बदल, म्हणजे गेटवेची ओळ काढणे, शक्य असल्यास सर्व्हरसमोर बसूनच करावे. नेटप्लॅन असेल तर ‘नेटप्लॅन ट्राय’ हीच सोय देते. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर ते जुनी मांडणी परत आणते.

स्टॅटिक राउट किती घालावेत, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. एक शाखा आणि एकच वाट असेल तर याहून चांगले काही नाही. परंतु शाखेकडे दोन वाटा असतील आणि एक पडल्यावर दुसरी आपोआप लागावी अशी अपेक्षा असेल, तर स्टॅटिक राउट ते करू शकत नाही. पुढचा पूल वाहून गेला तरी फाट्यावरची पाटी त्याच रस्त्याकडे बोट दाखवत राहते. तेव्हा एफआरआर किंवा बर्ड हा राउटिंगचा प्रोग्रॅम बसवून दोन्ही बाजूंच्या राउटरांशी ओएसपीएफने (राउटरांनी चालू वाटा एकमेकांना कळवण्याच्या पद्धतीने) बोलणे योग्य, आणि त्यासाठी शाखेचा राउटर सांभाळणाऱ्यांची संमती लागेल.

एवढे करूनही अडले तर ‘आयपी राउट’, ‘आयपी रूल’ आणि ‘आयपी राउट गेट १०.३०.४.२५’ यांचे पूर्ण उत्तर, इंटरफेसेस फाइलमधील दोन्ही कार्डांच्या नोंदी, आणि पिंग चालू असताना ईएनओ२ वरील टीसीपीडंपच्या चार-पाच ओळी येथे लिहा. सार्वजनिक पत्ता असेल तर तो झाकावा, १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ चे खाजगी पत्ते झाकू नयेत, कारण निदान त्यांच्यावरूनच होते. शाखेच्या राउटरवर १०.२०.१.० ची परतीची नोंद आहे की नाही, हेही तेथील माणसाला विचारून कळवा.